तापीकाठची गोधडी

दक्षिण आफ्रिकेतल्या हॅम्बर्ग नावाच्या लहानशा गावी बायकांनी आपल्या मुलखाचा इतिहास कापडावर भरला. सुमारे १२० मीटर लांबीची ती किस्काम्मा टेपेस्ट्री केपटाउनच्या संसदेत लावली गेली. मी तिच्याविषयी भरभरून सांगत होते, तर अमळनेरची मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडे घरोघरी गोधड्या शिवतात गं, पण खानदेशाची गोधडी कोणी शिवलीय?" ते डोक्यात बसलं आणि मी जळगावचं तिकीट काढलं.

स्टेशनजवळच्या लॉजमध्ये रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पंख्याचा खडखडाट, खिडकीखाली रिक्षांचे भोंगे आणि बादलीभर पाण्यासाठी तीनदा खाली हेलपाटे. सकाळी जो तो मला अजिंठ्याला पाठवायला निघालेला. अजिंठा थोर आहेच, पण त्याची चित्रं पाहायला जग येतं. मला ज्यांची चित्रं कोणी काढलीच नाहीत, ती माणसं हवी होती.

आसोद्याचा रस्ता धरला. कवयित्री बहिणाबाई चौधरी १८८० साली या गावी जन्मल्या, लग्न होऊन जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या आणि तिसाव्या वर्षी विधवा झाल्या. लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर ओव्या सुचत. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ त्या कागदावर उतरवून घेत. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. तिथेच ठरवलं, पहिला तुकडा बहिणाबाईंचा.

तापी ओलांडून फैजपूरला निघालं की दोन्ही अंगांना केळीच केळी. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन इथे भरलं. अध्यक्ष नेहरू. गांधीजींचा आग्रह असा, की गावात मिळेल त्याच सामानातून सगळं उभारायचं. शांतिनिकेतनातून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू नि गवतातून मंडप, कमानी सजवल्या. यजमानपणाचा भार उचलणाऱ्यांत पोलिसातली नोकरी सोडून चळवळीत आलेले धनाजी नाना चौधरी होते. त्यांच्या नावाचं महाविद्यालय आज गावात आहे. गावाच्या वस्तूंतून देशाचं चित्र उभं करणं इथे एकदा घडून गेलंय, या विचाराने मला हुरूप आला.

अमळनेरजवळच्या खेड्यात मैत्रिणीच्या ओळखीच्या आजी ओसरीत गोधडी पसरून बसल्या होत्या. खाली जुनं धोतर, मधे फाटक्या लुगड्यांचे थर, वर रंगीत तुकडे. त्या गोधडीवरच बसून कडेकडेने टाका घालत आत सरकत होत्या. सुई खाली गेली की डावा पंजा कापडाखाली जाऊन ती चाचपत होता. एक फेरा पूर्ण झाला की बोटभर अंतर सोडून दुसरा. मी उत्साहाने कागद पुढे केला: बहिणाबाई, साने गुरुजी, विनोबा, राजवाडे, सगळ्यांचे चेहरे. आजींनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "माय, तोंडं नको काढू. वस्तू काढ."

कारण पक्कं होतं. एवढ्या थरांतून जाणारा टाका जाड पडतो आणि कापड ओढतो. नाक, डोळा एकदा धुतलं की वाकडं. पण जातं ओळखू येतं, बैलगाडी ओळखू येते. तेवढ्यात माझा सगळा आराखडा बदलला. बहिणाबाईंचं जातं, फैजपूरची बांबूची कमान, आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणाऱ्या साने गुरुजींसाठी शाळेची घंटा.

धुळ्याच्या बसमध्ये उरलेले तुकडे जुळवत बसले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत, तिथे वही. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच १९२६ च्या अखेरीस वारले. गावोगाव फिरून, घरोघरच्या माळ्यांवरून जुने कागद जमवण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्यासाठी कापडात बांधलेला दप्तराचा रुमाल. राजवाडे संशोधन मंडळात उभी राहिले तेव्हा तो तुकडा मला डोळ्यांसमोर दिसत होता.

वाद झाला तो तिथे भेटलेल्या निवृत्त प्राध्यापकांशी. त्यांचं म्हणणं, या मुलखाची घडी बसवली ती १८२५ नंतर भिल्ल पलटण उभारणाऱ्या औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने; मग रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला भाव आला, गिरण्या आल्या. "सुरुवात तिथून करा." मी म्हटलं, "सर, ती घडी कोणाच्या पाठीवर बसली? खाज्या नाईकाला कुठे ठेवू?" सेंधवा घाटाची वाट राखणारा हा भिल्ल नायक १८५७ मध्ये इंग्रजांवर उलटला आणि पुढच्या एप्रिलात अंबापाणीला त्यांच्याशी लढला. सर म्हणाले, "मग धनुष्यबाण काढा." मला ते पटलं नाही. भिल्ल म्हटलं की धनुष्यबाण, एवढ्यावरच आपण त्यांना कायम संपवत आलोय. त्याची खूण म्हणजे ती वाटच. आग्र्याचा रस्ता.

सर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच कागद ओढून धुळे, शिरपूर, सेंधवा अशी रेघ मारली आणि तिच्या डावीकडे चिमठाण्याची जागा दाखवली. १९४४ च्या एप्रिलात साताऱ्याच्या प्रतिसरकारातल्या क्रांतिकारकांनी खानदेशातल्या साथीदारांसह तिथे सरकारी खजिना लुटला होता. औट्रमवर त्यांनी हट्ट सोडला नाही, मीही नाही.

रस्ता आधी घालायचा, बाकी तुकडे त्याच्या अंगाने बसतील, असं आजींनी फोनवर सांगितलं. कापड मात्र विकतचं आणायचं नाही. आसोदा, फैजपूर, अमळनेर, धुळे आणि सातपुड्यातल्या पाड्यांवरून एकेक वापरलेलं लुगडं मागून आणायचंय. पुढच्या आठवड्यात शिरपूरहून सुरुवात करतेय.