कॅम्प ४: घर स्वस्त, कागद महाग

कल्याणच्या पुढे बजेटमधलं घर म्हटलं की ऑफिसातली मंडळी अंबरनाथ-बदलापूर सुचवतात. त्याआधी विठ्ठलवाडीला पूर्वेला उतरून बघा. हाच उल्हासनगरचा कॅम्प ४.

दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी छावणी होती, म्हणून 'कॅम्प' आणि 'बराक' हे शब्द अजून टिकून आहेत. फाळणीनंतर सिंधी निर्वासित बराकींत आले. १९४९मध्ये उल्हासनगर हे नाव पडलं. पुढे बराकींच्या जागी मजले चढले, बरेचसे परवानगीशिवाय. उच्च न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारतींवर हातोडा चालवायला सांगितलं, तेव्हा सरकारने २००६मध्ये खास उल्हासनगरसाठी नियमितीकरणाचा कायदा केला.

लालचक्कीच्या आसपास मी दोन वन-बीएचके पाहिले. पहिला एकदम स्वस्त! पण सनद विचारली, तर एजंटने चहा मागवला. कागद अपुरे म्हणजे बँक कर्ज देणार नाही. पगारावर जगणाऱ्याने एवढी रोख आणायची कुठून? आणि उद्या विकताना गिऱ्हाईकही रोखवालंच शोधायचं. दुसरा महाग होता, पण फाइल पूर्ण होती. हप्त्याचं गणित जमत होतं ते त्याचंच.

प्रश्न फक्त कर्जाचा नाही. मे २०२१मध्ये या शहरात दोन जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळून १२ जणांचा जीव गेला.

तेव्हा टाइल्स आणि मॉड्युलर किचन नंतर. आधी सनद, मंजूर नकाशा, नियमितीकरणाचा दाखला मागा. इमारत तीस वर्षांची असेल, तर स्ट्रक्चरल ऑडिटही. चहा त्यानंतर घ्या!