पुढं काय झालं?

गुरुजींनी या अंकासाठी विषय दिला, 'वर्षभरात मी काय वाचले'. माझ्या वहीत एकोणीस पुस्तकांची यादी आहे. पण मित्रमैत्रिणींनो, नुसती नावे वाचून तुम्हांला कंटाळाच येईल. म्हणून त्यातल्या थोड्याच पुस्तकांविषयी लिहिते.

दिवाळी झाली की आपल्या वाडीतली निम्मी घरे कुलपे लावून ऊसतोडीला जातात, हे मी वेगळे काय सांगणार! सहावीपर्यंत मीही आई-दादांबरोबर जात होते. या वर्षी मात्र आई म्हणाली, "पोरगी सातवीला हाय, ती गावातच राहील." दादांनी बरेच आढेवेढे घेतले, पण शेवटी ऐकले. धाकट्या भावाला घेऊन ते कारखान्याच्या गावी गेले आणि मी आजीजवळ राहिले. पहिले पंधरा दिवस संध्याकाळी घर खायला उठायचे. गुरुजींच्या ते ध्यानात आले असावे, कारण त्यांनी पुस्तकांच्या कपाटाची किल्लीच माझ्या हाती दिली.

सर्वांत आधी हाती लागला फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे फुरसुंगीचा. अंगाने काडीपैलवान, पण सायकलवर बसला की वारा. संकट आले की तोंडातून 'ट्टॉक' असा आवाज काढतो. मला तो फार आवडला, कारण तो मोठ्या माणसांची वाट बघत बसत नाही. पोलीस येतात, पण मागाहून!

आई रविवारी फोन करायची. "जेवलीस का? आजीला गोळी दिली का? शेळीला पाला घातला का?" एवढे विचारले की बोलणे संपायचे. एका रविवारी मी तिला फास्टर फेणेची गोष्ट सांगू लागले. तो चोरांच्या अड्ड्यात शिरला आणि इतक्यात फोनची बॅटरीच संपली. खोपीवर वीज नसते, कुणाच्या तरी दुकानात फोन चार्ज करून आणावा लागतो. मला वाटले, आता पुढचा रविवार. पण मंगळवारीच रात्री फोन वाजला. "आगं, मंग पुढं काय झालं?"

त्या दिवसापासून मी गोष्ट मुद्दाम नको तिथे थांबवू लागले. आठवड्यातून एकदा येणारा फोन दोनदा, कधी तीनदा येऊ लागला. रहस्यकथेचा हा उपयोग कुणी पुस्तकात लिहिलेला मी पाहिला नाही.

पुढे शेरलॉक होम्स वाचला. त्याचा लेखक आर्थर कॉनन डॉयल हा इंग्लंडमधला डॉक्टर होता. होम्सची पहिली कादंबरी 1887 साली आली. 1893 साली डॉयलने होम्सला मारूनच टाकले, तेव्हा वाचक इतके रागावले की 1903 साली त्याला परत जिवंत करावे लागले. बास्करव्हिल घराण्याच्या कुत्र्याची गोष्ट 1901-02 साली एका मासिकात महिन्यामहिन्याला थोडी थोडी छापून येत होती. म्हणजे तिथले लोकही माझ्या आईसारखेच ताटकळत असणार!

ही गोष्ट मी फोनवर तीन आठवडे पुरवली. माळरान, धुके, रात्रीचे भुंकणे, आणि मेलेल्या माणसाशेजारी मोठाल्या कुत्र्याच्या पावलांचे ठसे. आई सांगत होती की शेजारच्या खोपीतली माणसेही भाकरी थापता थापता ऐकायला येऊन बसत. एक जण म्हणे भूतच आहे. दादा म्हणाले, "भुताला भूक नसती. कुत्रं जित्तं असंल तर त्याला कुणीतरी भाकर टाकीत असंल. भाकर टाकणारा हुडका." दादा शाळेत दोनच वर्षे गेलेले आहेत. त्यांचा तर्क बरोबर की चूक, ते इथे लिहीत नाही. पुस्तक कपाटात वरच्या खणात आहे.

सगळी पुस्तके मात्र फोनवर सांगता येत नाहीत. साने गुरुजींनी 'श्यामची आई' 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातही श्याम रोज रात्री एक एक आठवण सांगतो. तिथे चोर नाही, शोध नाही, तरी मला पुस्तक खाली ठेववेना. श्याम शिकायला दूर असतो आणि आईची शेवटची भेट त्याला होत नाही. ते मी आजीला वाचून दाखवले. आजी बोलली नाही, उठून शेळीकडे गेली. त्या रविवारी आईने विचारले, "आता कोणतं वाचायलीस?" मी म्हणाले, "ते तू आल्यावर." तिने पुन्हा विचारले नाही.

पाडव्याच्या आधी सगळी परत आली. मग मी तिला ते ओसरीवर बसून वाचून दाखवले. ती ज्वारी पाखडत होती. शेवट आला तरी तिने सूप खाली ठेवले नाही. सुपातली ज्वारी केव्हाच निवडून झाली होती.

आठवीची शाळा आपल्या वाडीत नाही, चार किलोमीटरवर आहे. दसऱ्यानंतर मी इथे राहणार की कोयत्याबरोबर जाणार, हे अजून ठरलेले नाही. दादा नुसते "बघू" म्हणतात.

आता एक काम आहे. आजोबांच्या पेटीत एक जुनी रहस्यकथा सापडली. मुखपृष्ठ नाही आणि शेवटची पाने उंदरांनी खाल्लेली. आजी म्हणते, बाबुराव अर्नाळकरांची असावी. पण त्यांनी तर हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, शोधायची कशी? तिच्यात एक वाडा आहे, दागिन्यांची पेटी आहे, लंगडा दिवाणजी आणि मुंबईहून आलेला पुतण्या आहे. आजी म्हणते चोर दिवाणजी, आई म्हणते पुतण्या, आणि दोघी तीन दिवस त्यावरून भांडत आहेत. आज शाळेत आलेल्या पालकांपैकी कुणाच्या घरी हे पुस्तक असेल, तर दोन दिवस वाचायला द्यावे. कव्हर घालून परत देईन.