तडा कुठे वळतो?

संशोधनाचा विषय मिळाला तेव्हा वाटलं, सोपं आहे. दोन तुकड्यांच्या सांध्यावर ताण वाढवत न्यायचा आणि तो कुठल्या आकड्याला तुटतो ते संगणकावर पाहायचं. पदार्थ होता सिलिकॉन कार्बाइडच्याच धाग्यांनी विणलेलं सिलिकॉन कार्बाइड. 2011 च्या फुकुशिमा अपघातानंतर अणुइंधनाच्या नळ्यांसाठी या पदार्थाकडे अधिक आशेने पाहिलं जाऊ लागलं. पण नळीचं तोंड बंद करायला टोपण जोडावं लागतं, आणि हा पदार्थ धातूसारखा वितळवून वेल्डिंग करता येत नाही. म्हणून मध्ये काच-सिरॅमिकसारखा पातळ थर देतात. त्या थरात धागे नसतात. मूळ पदार्थात तडा पडला तरी धागे दोन्ही काठ धरून ठेवतात. सांध्यात धरणारं कुणी नाही.

संगणकातल्या मॉडेलमध्ये मी सांध्याच्या कडेला बारीक तडा काढला आणि गणित चालवलं. टोकाशी ताण आला 300 मेगापास्कल. अचूकतेसाठी मेश, म्हणजे गणितासाठी आकृतीचे तुकडे पाडणारी जाळी, निम्म्या मापाची केली, तर 420. पुन्हा निम्मी केली, तर 590. आठवडाभर चूक शोधत बसले. खरा आकडा कोणता?

माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "चूक नाही गं. दर वेळी दोनच्या वर्गमुळाने वाढतोय बघ. तड्याच्या टोकाशी स्थितिस्थापकतेच्या सिद्धांतात ताण अनंतच असतो. ताण सोड, ऊर्जा मोज." अभियंता ग्रिफिथने 1921 मध्ये काचेच्या अभ्यासातून हेच मांडलं होतं: तडा पुढे सरकताना सुटणारी ऊर्जा नवा पृष्ठभाग उघडायला पुरली, तरच तो सरकतो.

मग मी सांध्याच्या रेषेवर कोहेसिव्ह एलिमेंट, म्हणजे ओढल्यावर उघडू शकणारे तुकडे, बसवले. त्यांना दोन गोष्टी सांगायच्या: किती ओढीला उघडायला लागायचं आणि पूर्ण उघडेपर्यंत किती ऊर्जा खायची. आता मेश बारीक केली तरी उत्तर हलेना. तडा सांध्यातून सरळ गेला. मला फार आनंद झाला.

पण प्रयोगशाळेत मध्ये सांधा असलेला डमरूच्या आकाराचा नमुना पिळून तोडला, तेव्हा तडा सांध्याच्या कडेला सुरू होऊन तिरका मूळ पदार्थात शिरला. पिळताना सर्वांत मोठी ओढ अक्षाशी 45 अंशांवर असते. तडा त्या ओढीला काटकोनात वळला. म्हणजे नोंदलेली ताकद एकट्या सांध्याची नव्हतीच. आणि माझ्या मॉडेलमध्ये तडा सरळ गेला, कारण उघडणारी वाट मी तेवढी एकच ठेवली होती.

आता मी तुटलेला नमुना आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. तडा कुठून निघाला, कुठे वळला, हे वहीत काढते. त्यानंतरच मेशला हात लावते.