क्लास सुटल्यावर

कोडमध्ये ‘एक्स्टेंड्स कॉम्पोनंट’ एवढंच शोधलं. त्रेचाळीस फायली निघाल्या, सगळ्या क्लासच्या; त्या फंक्शनमध्ये बदलायच्या होत्या. आमचं बिलांचं सॉफ्टवेअर रिअ‍ॅक्टमध्ये क्लासच्या जमान्यात उभं राहिलेलं. पहिल्या दिवशी चौदा फायली उरकल्या, कारण त्यांत स्टेट नव्हतीच, नुसतं रेंडर. वरचं टरफल काढायचं, ‘धिस’ पुसायचं, ‘एक्स्पोर्ट डिफॉल्ट फंक्शन’ लिहायचं; शेंगा सोलाव्यात तसं. असं साधं फंक्शन 2015 सालच्या 0.14 आवृत्तीपासून चालत होतं. मग क्लास कशाला लिहिले? सवयीने. त्यातले पाच माझेच.

*

जावास्क्रिप्टमध्ये ‘धिस’ म्हणजे कोण, हे मेथड कुठे लिहिली यावर नाही, ती कशी बोलावली यावर ठरतं. बटणाच्या हाती नुसती मेथड दिली की तिचा धनी सुटतो. म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये एकेक मेथड बाइंडच्या दाव्याला बांधायची. एका फायलीत अशा अकरा ओळी होत्या. अकराही पुसल्या. दिवसातलं सगळ्यात समाधानाचं काम.

*

पत्त्याचा फॉर्म. पिनकोड टाकला की नाव गायब. दहा मिनिटं सर्व्हरला शिव्या दिल्या. चूक माझी. सेटस्टेट दिलेला तुकडा जुन्या स्टेटमध्ये मिसळतं. फंक्शनमध्ये त्याच्या जागी येणाऱ्या यूजस्टेट या हुकचा सेटर जुनं सगळं टाकून नवं ठेवतो.

*

‘कॉम्पोनंटडिडमाउंट’च्या जागी यूजइफेक्ट आणि पुढे रिकामा कंस. हे झालं शब्दाला शब्द. खाली ‘कॉम्पोनंटडिडअपडेट’मध्ये ग्राहक बदलला का हे तपासून बिलं पुन्हा मागवली जात होती, ते माझ्या नजरेतून सुटलं. लिंटरने पिवळी रेघ मारून सांगितलंही. मी कमेंट टाकून त्याचं तोंड बंद केलं. ग्राहक नवा, बिलं जुन्याची. इफेक्टला ‘कधी चालायचं’ हे विचारायचं नसतं, ‘कशावर अवलंबून आहेस’ हे विचारायचं. कंसात ग्राहकाचा क्रमांक लिहिला आणि दोन मेथडींचं काम एकात बसलं.

*

सगळ्यात मोठा फरक वरवर वाचून दिसतच नाही. ‘आठवण पाठवा’ हे आमचं बटण. दाबलं की विनंती सर्व्हरकडे जाते आणि दोन-तीन सेकंदांनी ‘अमुक ग्राहकाला आठवण पाठवली’ असा निरोप झळकतो. तेवढ्यात कोणी यादीतला दुसरा ग्राहक निवडला, तर क्लासच्या काळात निरोपात त्या दुसऱ्याचं नाव येई. आठवण गेलेली असे पहिल्याला. कारण ‘धिस डॉट प्रॉप्स’ वाचताना जे त्या क्षणी असेल ते मिळतं, बटण दाबलं तेव्हाचं नाही. फंक्शनला त्या-त्या रेंडरचे प्रॉप्स मिळतात आणि आतलं क्लोजर तेच धरून बसतं. फाइल बदलली आणि ही जुनी तक्रार आपोआप मिटली. रिअ‍ॅक्टच्या गटातल्या डॅन अब्रामॉव्हने 2019 मध्ये एक अख्खा लेख याच फरकावर लिहिला होता. तेव्हा मी तो वाचला होता, कळला आत्ता.

धरून बसायची ही खोड उलटतेही. सेकंद मोजणारं घड्याळ 1 वरच अडकलं. सेटइंटरव्हलच्या आतल्या फंक्शनने पहिल्या रेंडरचं शून्य धरलेलं, त्यातच ते दर सेकंदाला एक मिळवत होतं. सेटरला आकडा न देता ‘मागचं घे, एक मिळव’ असं फंक्शन दिलं, चालायला लागलं. दोन्हींत मला क्लासची चूक जास्त वाईट वाटते. ती चुकीचं नाव बिनदिक्कत दाखवते. अडकलेलं घड्याळ निदान डोळ्यांत भरतं.

*

एक्स्पोर्ट. डिफॉल्ट काढून नावाने एक्स्पोर्ट केलं आणि एक इम्पोर्ट बदलायचा राहिला. पान कोरं, कन्सोलवर लांबलचक लाल मजकूर, त्यात मुद्द्याचा शब्द एकच: ‘अनडिफाइन्ड’. आणखी एक: बिननावाचा अ‍ॅरो थेट डिफॉल्ट एक्स्पोर्ट करू नये. डेव्हटूल्समध्ये कॉम्पोनंटचं खरं नाव दिसत नाही आणि शोधाशोध होते.

*

तारखेच्या रकान्याचा रेफ घेऊन एक पालक कॉम्पोनंट थेट त्याची ‘रीसेट’ मेथड बोलावत होता. क्लासचा रेफ म्हणजे जिवंत इन्स्टन्स. फंक्शनला इन्स्टन्सच नसतो. फॉरवर्डरेफ आणि यूजइम्पेरेटिव्हहँडल लावून निभावलं. 19 व्या आवृत्तीपासून रेफ साध्या प्रॉपसारखा येतो, पण आम्ही अजून तिथवर पोचलेलो नाही.

*

एक्केचाळीस झाल्या. दोन तशाच ठेवल्या. एक एरर बाउंडरी: रेंडरमधली चूक झेलणाऱ्या मेथडींना रिअ‍ॅक्टमध्ये अजून हुक नाही. दुसरी संदेशांची खिडकी, जिथे वर जुने संदेश भरताना स्क्रोल जागेवर राखायला ‘गेटस्नॅपशॉटबिफोरअपडेट’ लागतं. त्यालाही हुक नाही. क्लास काढून टाकायचा बेत नाही, हे रिअ‍ॅक्टवाल्यांनी हुक्स आणतानाच सांगितलं होतं. दोन्ही फायलींच्या माथ्यावर एक ओळ लिहिली: हा क्लास मुद्दाम ठेवला आहे, बदलू नये.