मोरचुदातील पाणी

मसुऱ्याच्या पोफळबागांत पावसाळ्याच्या तोंडी कोळेरोगावर बोर्डो मिश्रण फवारतात. "पांढरट पडलेला मोरचूद फेकून द्यावा काय?" असे एका पालकांनी विचारल्यावरून आम्ही वर्गात निळा खडा कुटून परीक्षानळीत तापविला. निळेपणा ओसरला, नळीच्या तोंडाशी थेंब जमले, आणि तळाशी पांढरी भुकटी उरली. "याचा जीव गेला का, मास्तर?" असे एकाने विचारले.

कोरड्या खड्यातून पाणी निघावे हेच मुळी नवल! परंतु ते ओलाव्याचे पाणी नव्हे. म्यूनिक येथे 1912 साली क्ष-किरणांच्या विवर्तनाचा पहिला प्रयोग याच क्षारावर झाला, व 1934 साली त्याची रचना उलगडली. तांब्याच्या प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे चार रेणू असून सल्फेटचे दुवे त्या आयनांची साखळी करितात. पाचवा रेणू साखळ्यांच्या मध्ये असतो. हे आयन किंचित चुंबकीयही आहेत, मात्र शाळेतील लोहचुंबकास ते कळत नाही. उष्णतेने आधी दोन, मग आणखी दोन, व सुमारे 200 अंशांवर शेवटचा रेणू निघतो. दरवेळी रचना बदलते, आणि तिजबरोबर रंगही.

भुकटीवर थेंबभर पाणी टाकताच ती पुन्हा निळी झाली. तेव्हा माल फेकू नये. पण वजन सांभाळावे. निळ्या मोरचुदात शेकडा 36 भाग पाणी असते, म्हणजे एक किलो खड्यांतील तांबे सुमारे 640 ग्रॅम शुभ्र भुकटीतच सापडते. चुना कमी पडल्यास कोवळी फळे करपतात. मिश्रणात चाकूचे पाते बुडवून पाहावे; त्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुना घालावा.