निरोप्या : एका मासिकाची गोष्ट



‘निरोप्या’ म्हणजे कोण? आमच्या कोल्हापुरातल्या चौथीच्या वर्गात मी विचारलं. एक पोरगं पटकन म्हणालं, “सर, निरोप समारंभात भाषण करतो तो!” सगळे हसले. मग सांगितलं, निरोप घेऊन येणारा तो निरोप्या.

याच नावाचं एक मराठी मासिक आहे. जर्मनीहून आलेले येशूसंघी धर्मगुरू हेन्री डोरिंग यांनी ते १९०३ साली सुरू केलं. पुढे १९०७ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. मराठी कॅथलिक कुटुंबांच्या या मासिकानं शंभरी ओलांडली. वसईत १९५५ साली ‘सुवार्ता’ निघालं. १९८३ ते २००७ त्याचे संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

बघा, परदेशी माणसानं नाव निवडलं ते इथल्या घरातलं. ज्याच्या दारी निरोप न्यायचा, त्याच्याच बोलीत तो हवा.

खरं सांगू? यंदा वर्गाचं हस्तलिखित बंदच करणार होतो. मुलं गाईडमधून उतरवून आणतात, वाचत कोणीच नाही. आता फक्त विषय बदललाय. प्रत्येकानं घरच्या एका माणसाचा निरोप लिहायचा, तो माणूस बोलतो तसाच.

पहिला निरोप एका आज्जीचा आला : “सरास्नी सांग, मला वाचाय येत न्हाई. अंक घरी धाडा, नातू वाचून दाखवील.”

अंक जाणार. तुमच्या वर्गातही करून बघा.