पेडण्याची पायली

माझ्या कपाटाची किल्ली बरीच वर्षं मी घरच्यांनाही दिली नव्हती. आत काय होतं? डिचोलीच्या कारागिराने घडवलेला पितळी लामणदिवा, शेवयांचा लाकडी साचा, नारळ खवायची आडोळी आणि भात मोजायची एक पायली. डिचोली-पेडण्यात कुठे जुनं घर पाडत असल्याचं कळलं की मी तिथे हजर. रद्दीच्या भावात मिळालं की आनंद दुप्पट, हेही कबूल करतो.

मग एकदा बाणावलीला 'गोवा चित्र' पाहिलं. व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभारलेलं हे संग्रहालय २००९ साली लोकांसाठी खुलं झालं. शेतीची आणि हस्तव्यवसायांची हजारो अवजारं तिथे आहेत. इमारतीलाही पाडलेल्या घरांचं सामान वापरलंय. कोणतं अवजार कोणत्या कामाचं, हे तिथे समजतं. माझ्या कपाटातून काय समजत होतं? मत्तयच्या तेराव्या अध्यायातला घरधनी आपल्या भांडारातून नवं-जुनं बाहेर काढतो. मी नुसतं आत ठेवत आलो होतो.

म्हणून फेस्ताला चर्चच्या हॉलमध्ये टेबलं मांडली. चिठ्ठ्या मीच लिहिल्या. पायलीपुढे लिहिलं, 'भाताचं जुनं माप'.

दुपारी पेडण्याच्या एक आजी लेकीबरोबर आल्या. पायलीच्या काठावरच्या खोकेवर त्यांनी बोट ठेवलं. "ही आमची. मुलाने न विचारता विकली." मला घाम फुटला. आजी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शेजारणीला भात उसना देताना शीग लावून द्यायचा, परत घेताना काठोकाठ सपाट घ्यायचा. सासूची शिकवण. ते नाही लिहिलंस, बाबा?"

लूकच्या सहाव्या अध्यायातलं भरभरून दिलेलं माप मी मिस्सात किती वेळा वाचलं असेल! माझी चिठ्ठी फाडली आणि आजींचं बोलणं तसंच लिहून ठेवलं. संध्याकाळपर्यंत सर्वांत जास्त गर्दी त्याच टेबलाशी. प्रत्येकाला आपल्या आजीचं काहीतरी आठवत होतं.

प्रदर्शन आवरल्यावर पायली पेडण्याला नेऊन दिली. आजींनी ती पदराने पुसली आणि तांदळाच्या डब्यात ठेवली. मला चहा केला.

लामणदिवा अजून माझ्याकडेच आहे. तो कुणाच्या घरचा, हे घेताना मी विचारलं नव्हतं.